फानेका

आमच्या खाडीत तिचं नाव फानेका,
मागून लावतात 'चिडकी'.
वीतभरही नाही. रंग वाळूचा,
पाठीवर एवढासा काळा पंखा,
मिटलेला असला तर दिसत नाही,
उघडला की काटे.
आधीच सांगते, ती कुणाच्या अंगावर धावून येत नाही.
वाळूत रुतून पडलेली असते, डोळे तेवढे वर,
एखादं झिंग्याचं पिल्लू चुकून जवळ येईल म्हणून.
पाऊल आपलं असतं.

ओहोटीला आम्ही एकोणीस जणी उतरतो.
मांडीपर्यंत रबरी बूट, हातात दंताळं,
कमरेला दोरीनं बांधलेली बादली मागे तरंगत येते
हट्टी पोरासारखी.
शिंपली लहान निघाली तर परत टाकायची.
वर धक्क्यावर एलादिओचा काटा,
तो एका शिंपलीचीही भीड धरत नाही.

त्या मार्चमध्ये दोसिंदाचा डावा बूट फाटला.
पाणी भरलं तशी तिनं तो काढला,
खांद्यावर टाकला,
आणि एक पाय बुटात, एक उघडा
अशी उकरत राहिली.
भरती फिरायला अर्धा तास होता,
बादली अर्धीच होती.

मग ती ओरडली.

ही दोसिंदा.
आयर्लंडच्या खाली कुठेतरी बोट उलटली,
सात जण गेले, चौघे सापडले,
अवेलिनो सापडला नाही,
त्याच्या दुसऱ्या दिवशी ही ओहोटीला हजर होती.
'समुद्र माझ्यासाठी थांबणार आहे का?' म्हणाली,
आणि वाकली.
अकरा वर्षं.
पाद्री येऊन गेला, विम्याचा माणूस येऊन गेला,
रिकामी पेटी पुरताना माझी आई कोसळली,
हिनं तिला धरलं.
बायका म्हणायच्या, लाकूड आहे लाकूड.
मीही म्हणायचे. अवेलिनो माझा धाकटा भाऊ.

आम्ही दोघींनी तिला उचलून शेडमध्ये आणली.
फानेकाच्या विषावर एकच इलाज,
सोसेल तेवढं गरम पाणी,
आणि सोसेल त्याच्या थोडं पुढचं.
स्टोव्ह पेटवला. बादलीत पाय.
पाऊल टम्म सुजलेलं, आणि भोक
टाचणीनं टोचल्याएवढं.
ती रडायला लागली.
आधी नुसतं हुं हुं,
मग तोंड उघडून, लहान मुलासारखं, शेंबूड येईपर्यंत,
मग एक नाव घेतलं,
पुन्हा घेतलं,
मग त्याला शिव्या घातल्या,
त्या बोटीला, बोटीच्या मालकाला,
माझ्या आईच्या त्या रिकाम्या पेटीला.
मी पाणी ओतत होते.
भिंतीवरच्या घड्याळाचा मोठा काटा
बाराला होता, तो आठवर आला.

दाराशी सगळ्या उभ्या, हातांची वाळू वाळत चाललेली.
ओबदुलिया म्हणाली,
'फानेकाच ती. घोड्यालासुद्धा रडवते.'
सगळ्यांनी माना हलवल्या.
हो, घोड्याला.
कुणीतरी बैलालाही रडवल्याचं सांगितलं.
त्या खोट्याला आम्ही सगळ्यांनी मिळून
चारी बाजूंनी हात लावला,
जड होडी ओढताना लावतो तसा.

संध्याकाळी ती लंगडत काट्यापाशी गेली.
दोन किलो शंभर.
'कमी भरलं,' एलादिओ म्हणाला.
'भरू दे,' ती म्हणाली, आणि नाक पुसलं.

आज पुन्हा मार्चची मोठी ओहोटी.
पाणी इतकं मागे गेलंय
की एरवी न दिसणारे खडक
ओल्या पाठी वर काढून बसलेत.
दोसिंदाचे नवे बूट
शेडमधल्या खिळ्याला टांगलेले आहेत.
ती पुढे चाललीय, अनवाणी, दोन्ही पायांनी,
एकेक पाऊल टाकते आहे
अंधारात दिव्याचं बटण चाचपावं तसं.

कुणी काही बोललं नाही.
मी स्टोव्ह पेटवला,
पाणी ठेवलं,
एकीला लागतं त्याहून जरा जास्त.